डबीवरचा टॅग

गोळ्यांच्या डबीवर लाल टॅग चिकटवलेला बघून आबाजींना हसूच आलं. लेकीचाच, स्वप्नालीचाच खोडकरपणा, दुसरं कोण.

चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. बिघडलेल्या मशीनला लाल टॅग लावायचा आणि ज्यानं लावला त्यानंच काढायचा, हा तिथला नियम त्यांनी घरीही आणला. मिक्सरला टॅग, गिझरला टॅग. लेक म्हणायची, "बाबा, एक स्वतःला पण लावून घ्या." सुभद्राबाई नुसत्या हसायच्या.

मध्यंतरी ते हसणंच गेलं होतं. सुभद्राबाईंना कानात आवाज ऐकू यायचे, शेजारीण चहात विष घालते म्हणायच्या. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या, मनानं एकही चुकवू नका म्हणून बजावलं. आवाज कमी झाले. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. काल त्या म्हणाल्या होत्या, "अहो, अंग ताठ झालंय. जबडा आवळतोय." आबाजींनी पाठीवर थोपटलं. "भास असेल गं. झोप."

आज सकाळी ताप. साथ चालूच होती, त्यातलाच असणार. गोळीची वेळ झाली होती, पण टॅग आडवा आला. दुसऱ्याचा टॅग न विचारता काढायला आबाजींचा हात होईना. स्वप्नाली तिच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला, तिचा फोन गेटवर जमा.

टॅग दिसला की आधी मशीन बघायचं, एवढं त्यांना माहीत होतं. ते बायकोकडे वळले. कपाळ भाजत होतं, उशी घामानं भिजली होती. हात उचलला तर कोपरात वाकेना.

"सुभद्रे, आज वार कोणता?"

त्या नुसत्या बघत राहिल्या. आबाजींनी डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"पुढची गोळी देऊ नका. डबी घेऊन लगेच इमर्जन्सीला या. औषधाचीच रिअ‍ॅक्शन असू शकते."

तीच होती. चार दिवस आयसीयूत गेले.

पाचव्या दिवशी वॉर्डात आबाजी लेकीला म्हणाले, "तुझ्या टॅगनं आई वाचली बघ. काढ आता तो."

"मी कुठं लावलाय? मला वाटलं, तुम्हीच."

सुभद्राबाईंनी हात लांबवून डबी घेतली आणि नखानं टॅग सोलून काढला.

"माझ्या बोलण्याला तुम्ही भास म्हणता," त्या म्हणाल्या. "टॅगला कधी म्हणाला नाहीत."