‘राहू दे’ आजोबा

कानात वडिलांचा आवाज आला आणि तिचा हात बटणावरच थबकला.

“लेकीला फोन लाव गं,” वडील म्हणत होते. मग घसा खाकरल्याचा आवाज. “नको, राहू दे. कामात असेल ती. तू जेवलीस का?”

वडिलांना जाऊन महिना होत आला होता. सांगू ते काम करणाऱ्या घरोघरच्या बोलक्या डब्यांनी टिपलेलं बोलणं कंपनीच्या या कचेरीत पोचायला वेळ लागतो. ते ऐकायचं आणि डब्याला नीट समजलं की नाही एवढं नोंदवायचं, हे तिचं काम. परक्यांची भांडणं, घोरणं, देवापुढे दिलेले हुंदके, सगळं तिने आजवर कोरड्या कानांनी ऐकलं होतं.

शेजारच्या खुर्चीतल्या मैत्रिणीने तिच्या पडद्यावर उमटलेले शब्द वाचले आणि ती हसली. “अगं, हे तर आपले ‘राहू दे’ आजोबा. आज तुझ्या वाट्याला आले होय?”

मग तिने कौतुकाने सगळं सांगितलं. अख्ख्या रांगेला आजोबा ठाऊक होते. लेकीला फोन लावायला सांगायचे आणि घंटी वाजायच्या आत नको म्हणायचे. डब्यातून बाईचा आवाज येतो म्हणून त्याला अगं-तुगं करायचे, गुडघ्याचं दुखणं सांगायचे, बायकोच्या फोटोशी भांडायचे. एकदा रडले, तेव्हा पलीकडच्या दोघी न जेवताच उठल्या होत्या.

“ती लेक कोण आहे, एकदा बघायचीय मला,” मैत्रीण म्हणाली. “बाप निर्जीव डब्याला जेवलीस का विचारतोय, आणि बाईसाहेब कामात.”

वडिलांना तो डबा तिनेच नेऊन दिला होता. संमतीच्या चौकोनावर वडिलांच्या वतीने बोटही तिनेच टेकवलं होतं. हा सगळं ऐकतो का गं, असं त्यांनी भीत भीत विचारलं होतं. इथे रोज काय ऐकू येतं ते माहीत असूनही ती म्हणाली होती, “तुमचं बोलणं दुसरं कोण ऐकणार, बाबा?”

पडद्याच्या कोपऱ्यात ‘ओळखीचा आवाज’ असं एक बटण होतं. ते दाबलं, की त्या घरातलं सगळं बोलणं कायमचं पुसलं जाई. मग कुणालाच ते ऐकू येणार नव्हतं, तिलाही नाही. न दाबलं, तर बाबा उद्याही आले असते, परवाही. तिच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या कानात.

तिने पुन्हा एकदा ऐकलं. फक्त ते खाकरणं.

मग बटण दाबलं. पडद्यावर प्रश्न उमटला : बोलणाऱ्याशी आपलं नातं?

तिने ‘मुलगी’ असं लिहिलं, आणि पाठवण्याआधी पडदा मैत्रिणीच्या बाजूला वळवला.