आतल्या बाजूचे ठसे

या माउलींनो, जवळ सरकून बसा. बुवा येईपर्यंत टाळ खाली ठेवा, एक गोष्ट सांगतो.

आमच्या पोलादपूरचा सयाजी महाडला केमिकल कारखान्यात होता. तिथल्या मशीनमध्ये त्याचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं गेलेलं. मोरी धुवायला त्याने कॉस्टिक सोड्याचं पाणी, दुसरं भांडं मिळालं नाही म्हणून, काचेच्या मोठ्या बाटलीत आणलं. "ह्याला काच चालत नाय," तोच म्हणाला. "हे काच आतून खातं नि तिचेच नवे खडे बनवतं."

आठवड्याने तो कामावर गेला, तो परतलाच नाही. त्याची बायको, आमची साळूवहिनी, वर्षभर वाट बघतेय.

बाटलीचं काचेचं बूच घट्ट चिकटलं, ते उघडतच नाही. काच धुरकट झाली, तळाशी पांढरे खडे वाढले. मग त्या धुरकट काचेवर बोटांचे ठसे दिसू लागले.

वहिनीने मलाच धरलं. "भावजी, माझ्या मागं बाटलीला हात कोन लावतो?"

"मी नाय गो वहिनी. तुझ्या मोरीत माझं काय काम?"

फडक्याने पुसायला गेलो. ठसे जाईनात. ते आतून होते. चार बोटं पुरी, एक अर्धं.

वहिनी वाकून हळूच म्हणाली, "अहो?"

भर दुपारी, आमच्या डोळ्यांदेखत, काचेवर आतून एक नवी रेघ ओढली गेली.

ती काच आता पापडासारखी पातळ झालीय. आज नामस्मरणात सयाजीची आठवण असू द्या, माउलींनो. पण मनातल्या मनात. त्याला हाक मारू नका.