पाठीवरचे नाव

नात आसावरी हिला परदेशातील एका व्यावसायिक आइस हॉकी संघाने करारबद्ध केले, तेव्हा मी तिला एकच अट घातली. "खेळायचे तर खेळ, परंतु पिढ्यान्‌पिढ्या वेदाध्ययन करणाऱ्या अभ्यंकरांचे नाव त्या धक्काबुक्कीत पाठीवर मिरवू नकोस."

"बरं, आजोबा," एवढेच ती म्हणाली.

पहिल्याच वर्षी तिचा संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी कतारमध्ये, आम्ही राहतो त्या दोह्यात आला. शेवटचा गोल तिने केला आणि सारे प्रेक्षागृह उभे राहिले. न राहवून मी शेजारच्या शोभाताईंना म्हणालो, "ती आमची नात!"

"अहो, पण पाठीवर तर 'मुकादम' लिहिलंय," त्या हसल्या. "गुपचूप लग्नबिग्न उरकलंत की काय?"

मी ते नाव पुन्हा वाचले. कासम मुकादम हे मूळचे रत्नागिरीचे, आमच्याच इमारतीत राहणारे ड्रायव्हर. आसावरीच्या शाळेची सारी वर्षे तिला रोज पहाटे सरावासाठी बर्फाच्या मैदानावर तेच नेत, आणि सराव संपेपर्यंत त्या गारठ्यात बसून राहत. मी त्या वेळी घरी संध्येस बसलेला असे.

इतक्यात मागच्या रांगेतून कासमभाई लगबगीने खाली आले. त्यांच्यापुढे हात जोडावेत म्हणून मी उठलो, तोच त्यांनीच माझे हात धरले.



"काका, माफ करा. मी पोरीला बजावलं होतं, माझं नाव नको लावूस, आजोबांना लाज वाटेल."