निवांत

“ताई, तुम्ही त्यांच्याशी बोलू नका,” डॉ. तांबोळी म्हणाल्या. “तुमच्या आवाजानं त्यांचा रक्तदाब उतरतोय.”

अतिदक्षता विभागात बेशुद्ध पडलेल्या दिगंबररावांच्या हातावरचा हात शरयूनं झटकन काढला. “माझा त्रास होतोय त्यांना?”

“उलट. तुमचा आवाज ऐकला की ते निवांत होतात. इथे आमचं एक संशोधन चालू आहे, त्यात आम्ही आवाजच औषधासारखा देतो. पण रक्तदाब इतका खालावलेला असताना निवांत होणं त्यांना परवडणारं नाही. बाकीची औषधं देऊन झाली. तुम्हाला त्यांना चिडवता येईल?”

शरयूनं प्रयत्न केला. नवऱ्याच्या लाडक्या स्कूटरला तिनं भंगार म्हटलं, सासूबाईंचा उद्धार केला. पडद्यावरचा रक्तदाबाचा आकडा ढिम्म हलेना.

तिनं दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. तिथे त्यांची लेक ऋचा डबा घेऊन बसली होती. शरयू नवऱ्याच्या कानाशी वाकली आणि इतकी वर्षं जे ओठांवर येऊ दिलं नव्हतं, ते बोलली.

“अहो, ऋचा तुमची मुलगी नाही.”

आता आकडा उसळणार, म्हणून तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

“ताई, थांबा!” डॉक्टर ओरडल्या. “काय बोललात? ते आणखी निवांत झालेत! रक्तदाब उतरतोय!”

शरयूनं नवऱ्याच्या शांत चेहऱ्याकडे पाहिलं.

“माहीत होतं यांना,” ती पुटपुटली. आणि आपलं रडणं त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.