कन्सल्टंट होण्याचे फायदे

"आपणच आपले मालक," राजकुमार म्हणाला, तसे कॅन्टीनमधल्या चाळीस कामगारांनी चहाचे कप खाली ठेवले.

वाळूजच्या या कारखान्यात तो अठरा वर्षं पर्मनंट होता, आता दोन वर्षांपासून कन्सल्टंट. काम तेच, मशीनही तेच. फक्त गेटवर रोज पाहुण्यासारखा पास घ्यावा लागायचा. आज कंपनीने त्याला फायदे सांगायला उभं केलं होतं. पर्मनंट नोकरीचे राजीनामे आणि कन्सल्टंटचे नवे करार समोरच्या टेबलावर गठ्ठ्याने ठेवले होते. निम्म्यांनी तरी सह्या केल्या तर त्याचा स्वतःचा करार वर्षभर वाढणार होता, नाहीतर महिनाअखेरीस घरी. सेहेचाळिसाव्या वर्षी दुसरं कोण घेणार? अगदी गळ्याशी आलं होतं.

"रजेसाठी साहेबाच्या दारात ताटकळायला नको," तो सांगत होता. हे मात्र खरं होतं. टायफॉइडने तो तीन आठवडे अंथरुणाला खिळला, तेव्हा कंपनीतून कुणी साधी चौकशीही केली नव्हती. मालकाची चौकशी कोण करणार? "पंचिंग नाय, शिफ्ट नाय. चार कंपन्यांची कामं घ्या, कोण अडवतंय?" चार सोडा, दुसरी एक मिळवताना त्याच्या चपला झिजल्या होत्या. दाराशी उभे असलेले मॅनेजर मान डोलवत होते.

मागच्या बाकावरून बन्सी उठला. हा राजकुमारचा सख्खा धाकटा भाऊ, फुलंब्रीहून रोज मोटारसायकलवर येणारा. पोरगा पर्मनंट आहे एवढं ऐकूनच सासऱ्याने मुलगी दिली होती. आता पदरात सात महिन्यांची लेक होती.

"दादा, मला यातलं काय कळत नाय. तू सांग. सही करू का?"

सगळे राजकुमारच्या तोंडाकडे बघायला लागले. मॅनेजरसुद्धा.

"कर," तो म्हणाला.

बन्सी टेबलापाशी आला. त्याने पेन उचललं, पण सही न करता तो भावाकडे वळला. नवं काही करायचं तर थोरल्याच्या पाया पडून, ही त्यांच्या घरची रीत. याच नोकरीला लागला त्या दिवशीही तो असाच पाया पडला होता. तो वाकला.

राजकुमारने झटकन पाय मागे घेतले.

चुकून झालं असेल असं समजून बन्सी वाकलेलाच पुढे सरकला. राजकुमार आणखी मागे गेला, पाठ भिंतीला टेकेपर्यंत. काही केल्या हात त्या डोक्यावर जाईना.

"नको बन्सी," तो कसाबसा म्हणाला. "पाया नको पडू."

"काय झालं, राजकुमार?" मॅनेजरनी विचारलं.

बन्सी सरळ झाला. भावाच्या तोंडाकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग पेन टेबलावर ठेवून आपल्या बाकावर जाऊन बसला.

त्याच्या मागून सहीला कुणी उठलं नाही.