हात बसला की

आमच्या गाब्रोवो शहरात रुमेनचा बूट शिवायचा छोटा कारखाना आहे. नव्या माणसाला तो चामडं कापण्यापासून सगळं शिकवतो, आणि हात बसला की माणूस इटलीला निघून जातो. "हा कारखाना नाही, इटलीवाल्यांची फुकटची शाळा आहे," असं बायको येताजाता सुनवायची. रुमेनही शिकवून शिकवून थकला होता. म्हणून यंदा त्याने मुद्दाम अठ्ठावन्न वर्षांच्या पेंकाताईंना कामावर घेतलं. या वयात त्या कुठे जाणार?

सुरुवातीला शिवण चुकली की पेंकाताई रडायच्या. रुमेन ती उसवून पुन्हा दाखवायचा. हिवाळा सरेपर्यंत त्यांचे बूट इतके नेटके उतरायला लागले की दुकानदार तेच मागायचे.

परवा त्या चॉकलेटचा डबा घेऊन आल्या. आनंदाची बातमी असली की आमच्याकडे असा डबा फिरवतात. रुमेनने मशीन थांबवलं.

"इटली?"

"ईस्टरला लेकीकडे गेले होते ना, मालक, तेव्हा तिथल्या कारखान्यात एक बूट शिवून दाखवला. साहेब म्हणाला, इतकं छान कोणी शिकवलं? मी तुमचं नाव सांगितलं." पेंकाताईंचे डोळे भरून आले. "रागावलात?"

रुमेनने एक चॉकलेट उचललं आणि सावकाश त्याचा कागद सोडवला.



"नाही हो. फक्त एवढं विचारून बघा, त्यांना शिकवणारा लागतो का?"