आचारी आणि मदतनीस

बाबांनी वहीत विसावी रेघ मारली. "पुन्हा गेला," ते पुटपुटले.

लॅपटॉपवर हेमांगीचा पाणबुडीचा गेम चालू होता. छातीला मार लागलेल्या खलाशाजवळ बाबांनी दहा वेळा सगळे कोर्स केलेला वैद्यकीय मदतनीस ठेवून पाहिला, दहा वेळा चक्क आचारी. खलाशी दर वेळी अकराव्या मिनिटालाच दगावला. बाबांनी स्वतः वीस वर्षं नौदलाच्या पाणबुडीवर वैद्यकीय मदतनिसाचं काम केलं होतं. त्यांना हे पटेना.

"शिकलेल्या माणसानं काही फरक पडतो की नाही या गेममध्ये?"

हेमांगीनं त्यांच्यापुढे चहा ठेवला. "नाही हो बाबा. ते कोर्स नुसते शोभेचे. त्याचं मरण आधीच ठरलेलं आहे. तिथं कुणीही असतं तरी तो गेलाच असता. तुमचं काही चुकत नाहीये."

बाबांचा पेन धरलेला हात थांबला आणि हेमांगीला आपलेच शब्द ऐकू आले.

मार्चमध्ये आईला स्वयंपाकघरात हार्ट अटॅक आला, तेव्हा अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत बाबा एकटेच तिची छाती दाबत राहिले होते. तेराव्याला, सगळ्या पाहुण्यांदेखत, हेमांगी त्यांच्यावर ओरडली होती, "उभा जन्म हेच काम केलंत, आणि आईलाच वाचवता आलं नाही तुम्हाला?"

आता बाबांनी वही मिटली.

"एवढंच," ते म्हणाले, "तेव्हा का नाही गं म्हणालीस?"